सासूची जागा

निशिगंधा माझ्या जावेची, शेवंताबाईची पोर. मी प्रेमला. दिवाळे गावच्या बाजारात आमी दोघी जावा शेजारी शेजारी मासळी घेऊन बसतो.

बाजार पाडून नवीन बांधायचं ठरलं, तवा कोनाला ओटा द्यायचा याची सुनावनी लागली. बिल्डरला ओट्यांऐवजी दुकानं पायजे होती. त्याचा वकील नंदकिशोर, एक नंबरचा शाना. त्याने शेवंताला विचारलं, "ही जागा तुमची?"

"नाय, माजे सासूची हाय."

सासूला जाऊन जमाना झाला. पन आमच्यात जागा सासूचीच बोलतात, 'माझी' बोलनं म्हंजे माजोरडेपना. मेल्याने तेवढंच धरलं, जागा हिची नाय म्हनून लिहून घेतलं. वर 'हाय, हाय' करून तिची नक्कल केली, सगळ्यांनी दात काढले. शेवंताने अंगठा दिला नि ओटा गेला.

निशिगंधा तेव्हा नुकती बेलापुरात लॉ कॉलेजला लागलेली. रडली नाय. बोलली, "काकी, याला मी सोडनार नाय."

कॉलेजात पोरं खोटं कोर्ट भरवून वाद घालायला शिकतात. ही दर वेळी बिल्डरवाल्याची बाजू मागून घ्यायची. कसा विचार करतो मेला, ते तिला शिकायचं होतं. मग तिला शिकवनाऱ्या सुमेधा मॅडमनी सुनावनीचे नियम सुधारायचा मसुदा करायला घेतला. निशिगंधाने त्यात घातलं: मानूस बोलेल तसंच, त्याच्याच बोलीत लिहायचं, आनि अंगठ्याच्या आधी समोरच्या वकिलाने ते मोठ्याने वाचायचं.

"समोरच्यानेच का?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे नंतर चुकीचं लिहिलं असं त्याला म्हणता येणार नाही."

खरं कारन मला ठाऊक होतं, नि मला ते लय आवडलं.

ओटा गेला म्हनून आमी अपील केलेलं, त्याला अधिकारी नवा होता. कॉलेजचा मसुदा त्याने वाचलेला. बोलला, आज असंच करून बघू. आमच्याकडून कॉलेजच्या मदत केंद्राचे वकील उभे राहिले, निशिगंधा मागे बसली. नंदकिशोरने परत तोच सवाल टाकला.

शेवंता बोलली, "सासूची हाय. ती बसली, मंग मी बसले, माजे मागं सून बसंल. तरी सासूचीच बोलू, आमची रीत हाय ती. तुला नाय समजली तं विचारायचं व्हतं, हसायचं नव्हतं."

अधिकाऱ्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं नि कागद नंदकिशोरपुढे सरकवला. तो अडखळत वाचायला लागला. 'हाय' आलं नि आमी बाया खो खो हसलो, तोंडाला पदरबिदर काय लावला नाय. त्याचे कान लाल झाले. पुढे ओटा शेवंताला मिळाला, पन ते नंतर.

अंगठा द्यायच्या आधी शेवंताने लेकीकडे बघितलं. मग बोलली, "सायब, शेवटचं नाय आयकू आलं. परत वाचायला सांगा त्याला."

नंदकिशोरने मान खाली घालून परत वाचलं, "हसायचं नव्हतं."