उद्घाटनापूर्वी बसू नये

मंगळवार, सकाळी साडेदहा. हजर: साहेब, पुरवठादाराचा माणूस, शिपाई, मी आणि माझी धाकटी जाऊ रंजना. गैरहजर: ज्याच्यासाठी सगळे जमले होते ते यंत्र.

आमच्या कार्यालयाने चालकांच्या प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर घेतला होता. म्हणजे खुर्ची, स्टिअरिंग, पायाशी क्लच-ब्रेक आणि समोर पडद्यावर धावणारा रस्ता. (मुरबाडकरांना बिनखड्ड्याचा रस्ता बघायची तेवढीच सोय.) खरेदीची एकेचाळीस कलमांची यादी माझी. यंत्राचा टेम्पो शहापूरपाशी बंद पडेल, हे मात्र एकाही कलमात नव्हतं.

रंजना आली होती अर्ज घ्यायला. मुलींच्या वसतिगृहाच्या बसला चालक हवा होता आणि अट होती सिम्युलेटरवर दहा तास सरावाची. नऊ वर्षं ती स्वतःची पिकअप घेऊन मुरबाडहून कल्याणला भाजी पोचवते, पण ते तास कोण धरतो? तिला पगाराची नोकरी हवी होती. भाऊजींची कंबर गेल्यापासून घर तिच्या एकटीवर आहे.

"पिकअप रिकामी आहे ना?" मी विचारलं.

"हाय. पन ताई, मी अर्जाला आलेय."

"आधी यंत्र आण. यंत्रच नसेल तर अर्ज घेऊन काय करशील?"

ती शहापूरला गेली, यंत्र चढवून घेतलं आणि ओरखडा न उठता आणलं. आमच्या व्हरांड्याच्या दोन खांबांमधून पिकअप रिव्हर्समध्ये दारापर्यंत घेतली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा.

साहेब बघतच राहिले. "कुठे शिकलात हो?"

"गाडीत," रंजना म्हणाली.

यंत्र बसवलं आणि त्याला लाल फीत बांधली. कलम सतरा: 'उद्घाटनापूर्वी यंत्रावर कोणीही बसू नये.' हे मीच घातलेलं, शिपाई गेम खेळत बसतील म्हणून. चावी माझ्या पर्समध्ये. उद्घाटनाला बोलावलेल्या पाहुण्यांच्या घरी आधी लग्न निघालं, मग आचारसंहिता लागली. शहरातल्या यंत्रांना महिन्याची रांग. अर्जाची मुदत चार दिवसांवर आली.

त्यांच्याकडे जेवताना रंजनाने विचारलं, "ताई, चावी तुमच्याकडंच ना?"

"हो."

"मंग?"

"नियम आहे गो."

"लिवला कुनी?"

मी आमटी वाढून घेतली. भाऊजी शांतपणे म्हणाले, "नियम वैनींचा, चावी वैनींची. जाऊ तेवढी आमची."

अर्जात 'सरावाचे तास' हा रकाना कोरा राहिला. कोऱ्या रकान्याचे अर्ज बाजूला काढायचं कामही माझंच. मी काढला. नोकरी शहरातल्या एका गृहस्थांना लागली, पडद्यावर पुरे दहा तास चालवलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांना बस वसतिगृहाच्या गेटातून मागे घेता येईना. समोर भाजी उतरवत असलेल्या रंजनाने ती काढून दिली, किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि उरलेल्या कोबीच्या गोणी उतरवल्या.

हे तिने मला सांगितलं नाही. ती हल्ली मला काहीच सांगत नाही.

माझ्या यादीत दोन कामांपुढे अजून बरोबरची खूण नाही. एक, फीत कापणे. कात्री केव्हाच आणलेली आहे, साठावहीत नोंद आहे. दोन, रंजनाशी बोलणे. त्यालाही बहुधा मी पाहुण्यांचीच वाट बघते आहे.