आम्ही आयतवारी नडायला जातो

रानात फिरायला गेलेल्या माणसानं लिहिलंय म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असणार. पहिल्या ओळीत धुकं. दुसऱ्या ओळीत पक्षी, त्याचं नाव, त्याच्या शेपटीचा रंग. तिसऱ्या ओळीत मी एका झाडाला पाठ टेकून आयुष्याचा विचार करतोय. यातलं काही मिळणार नाही. धुकं पडलं असेल तर तेव्हा मी बसमध्ये झोपलो होतो. पक्षी मला दोनच ओळखता येतात, कावळा आणि कावळा नसलेला. आणि झाडाला पाठ टेकायलाच मिळत नव्हती, हीच तर सगळी भानगड आहे.

दुसरी भानगड शब्दाची. कोल्हापूरच्या आतेभावाला मी एकदा फोनवर म्हटलं, "आम्ही आयतवारी नडायला जातो."

तो घाबरला. "कुणाला?"

"कुणाला म्हणजे? आधी केलगेरीच्या तळ्याच्या कडेनं नडतो, मग ओढ्याकडेनं नडतो, मग वर रानात नडतो. देवळापाशी खातो आणि घरी येतो."

"आणि पोलीस काही म्हणत नाहीत?"

त्याची चूक नाही. त्याच्याकडं नडणं म्हणजे आडवं जाणं, भांडण उकरून काढणं. आमच्याकडं कानडीत 'नडी' म्हणजे चल आणि 'नडीरी' म्हणजे चला हो. आम्ही घरात मराठी, दारात कानडी, आणि उंबऱ्यावर दोन्हीची खिचडी. त्या कानडी नडीला मराठी शेपूट लावून आम्ही नडतो, नडलो, नडून आलो. यात भांडणाचा काही संबंध नाही. म्हणजे त्या आयतवारापर्यंत नव्हता.

ग्रुप हुबळीचा. आयतवारी सकाळी सिटी बसनं धारवाडला जायचं आणि तिथून पायी. पुढारी एक रिटायर झालेले पीटीचे मास्तर. सगळे त्यांना सर म्हणायचे, त्यांच्या वयाचेसुद्धा. सरांचा आवाज असा की आधी घसा खाकरणार, मग तो आवाज नाकात चढणार, आणि मग हुकूम बाहेर पडणार. हुकूम दोनच. 'कूडरी' म्हणजे बसा आणि 'नडीरी' म्हणजे उठा, चला. ग्रुपची पद्धत अशी की हुकूम कानावर पडला की तो पुढच्याला ओरडून सांगायचा. मान वळवून बघायचं नाही कुणी म्हटलं ते. पाळायचं.

मला लोकांचे आवाज येतात. भुतासारखे नाही, काढायला येतात. कंडक्टर, कुकर, आमच्या घरमालकांची शिंक. अळणावरच्या शाळेत असताना मी एकदा भिंतीआडून हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती. अर्धी शाळा घरी पोचली, बाकीची अर्धी वाटेत सापडली. म्हणून ग्रुपमध्ये मी कायम शेपटाला चालायचो. शेपटाला राहिलं की पुढच्या सगळ्यांच्या नकला करता येतात आणि कुणाला ऐकू जात नाही.

फक्त अक्कांना ऐकू जायचं, कारण शेपटाला आम्ही दोघंच.

अक्का आमच्या कमरीपेठेतल्या. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. बांगड्यांचं दुकान होतं, ते आता सून बघते. सून गुणी आहे. एवढी गुणी की अक्कांनी भांड्याला हात लावला तरी म्हणते, "तुम्ही बसा." पाट घेतला तरी, "तुम्ही बसा." आठवडाभर बसून बसून बाई वैतागायची आणि आयतवारी नडायला यायची. तो एक दिवस तिचा.

आणि त्या एका दिवशी तिला बसायला मिळायचं नाही. ते कसं ते ऐका. पुढचे लोक झपाझप जातात आणि जांभळीखाली बसतात. पाणी पितात, शेंगा फोडतात, सुनांना नावं ठेवतात. मागनं अक्का येतात, मांडीवर हात टेकत टेकत, तोंड लालभडक. त्यांचा पदर वळणावर दिसला की सर खाकरणार, "आल्या? नडीरी!" की उठले सगळे. जे दमले नव्हते त्यांचा आराम झालेला, आणि जी दमली होती तिला दिसायच्या सगळ्यांच्या पाठी.

"माझं तोंड दिसलं की यांचे पाय सुटतात," अक्का म्हणायच्या. "आरशात बघायला पाहिजे एकदा, एवढं काय वाईट हाय तोंड."

त्या आयतवारी तळ्याचा बांध संपून ओढा लागला तेव्हा सर मागं फिरून आमच्यापाशी आले. आवाज अगदी मऊ. मला तेव्हाच शंका आली. पीटीचा मास्तर मऊ बोलायला लागला की समजायचं, कुणाला तरी संघातनं काढणार.

"अक्का, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या आयतवारपासनं तुम्ही बागेतल्या ग्रुपला जावा. सपाट हाय. बाकं हैत."

हुबळीच्या बागेत एक ग्रुप आहे खरा. हिरवळीला फेऱ्या मारतो.

"ते नडत न्हाईत सर," अक्का म्हणाल्या. "घाण्याच्या बैलागत फिरतात. आणि बोलतात काय, तर शुगर. माझी शुगर चांगली हाय, मी तिथं बोलू काय?"

सर हसले नाहीत. "मग आज देवळापर्यंत सगळ्यांच्या बरोबर पोचून दाखवा. पोचलात तर विषय संपला. न्हाईतर बाग."

आणि गेले पुढं. अक्कांनी पदर खोचला आणि त्या चालायला लागल्या, नेहमीपेक्षा जोरात, आणि दहा पावलांत धाप लागली.

आता सरांचं एक गुपित होतं, जे सगळ्यांना ठाऊक होतं. शुगर सरांनाच होती. जरा वाट संपली की त्यांना झुडपाआड जावं लागायचं. त्यामुळं रानात सर नेमके कुठं आहेत हे कुणालाच कधी सांगता यायचं नाही. पुढं असतील, मागं असतील, घाणेरीच्या आड असतील.

मी बघितलं, सरांची पिवळी टोपी वाटेवर दिसत नाही. घसा खाकरला. नाकात चढवला. "कूडरी!"

"कूडरी," पुढचा म्हणाला. "कूडरी, कूडरी," असं वळणापलीकडं लांब जात गेलं. आम्ही अक्कांच्या चालीनं तिथं पोचेपर्यंत सगळे खडकांवर पसरलेले. अक्का बसल्या. आल्या आल्या बसल्या! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. पाण्याची बाटली काढली आणि माझ्याकडं बारीक डोळ्यांनी बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

तेवढ्यात सर घाणेरीतून बाहेर आले, ट्रॅक पँटची नाडी बांधत. "यार हेळिद्रू? कुणी बसायला सांगितलं?"

"तुम्हीच की सर," देशपांडे नगरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. हे डॉक्टर कायम सगळ्यांत पुढं असायचे.

सर थांबले. मला वाटलं, संपलं. पण 'मी म्हटलं नाही' असं म्हणायचं म्हणजे माझ्या हुकुमाशिवाय हे बसले असं कबूल करायचं. ते कसं जमणार? सरांनी टोपी नीट केली. "हां. म्हटलं होतं. बसा."

यानंतर मी शहाण्यासारखं गप्प बसायला पाहिजे होतं, असं सगळे म्हणतात. मी नाही म्हणत. चढ लागला, अक्कांचा गुडघा परत बोलायला लागला, देऊळ वर झाडीत दिसतंय. मी मागनं परत खाकरलो. परत सगळे बसले, अक्कांनी अर्धा लाडू खाल्ला. तिसऱ्या वेळी मात्र मी करवंदीच्या जाळीआड उभा होतो आणि टोपी कुठं आहे ते बघितलं नव्हतं. टोपी सगळ्यांच्या मधोमध होती. टोपीखाली सर होते. सरांच्या तोंडाला बाटली होती, घटघट पाणी चाललं होतं, आणि तेवढ्यात सरांचा आवाज रानातून म्हणाला, "कूडरी!"

सवयीनं सगळे बसले, आणि बसल्या बसल्या सरांकडं बघायला लागले. सर बाटलीकडं.

पळता आलं असतं मला. पण हसू फुटलेल्या माणसाला पळता येत नाही.

"भाईर ये!" सर गरजले. मी आलो. "माझा आवाज काढतोस?"

"काढतो सर. तुमचा आवाज आज पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाला आला."

सर लाल झाले. माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही असं ठरवून ग्रुपकडं वळले आणि पूर्ण नाकातून ओरडले, "नडीरी!"

आणि काय झालं, कुणीच उठलं नाही. दोघं अर्धे उठले आणि माझ्याकडं बघायला लागले, हा खरा का खोटा म्हणून.

"मी न्हाई उठणार," मागनं येऊन नुकत्याच टेकलेल्या अक्का म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण तो अक्कांचाच होता. "माझा दम अजून खाली बसला न्हाई. तुमचा बसला, कारण तुम्ही कवाचे बसलाय. मी शेवटी येते, तर माझा आराम झाला की उठायचं. आणि बागेत मी जाणार न्हाई. बघा काय करायचं ते."

सर काही म्हणणार तेवढ्यात दातांचे डॉक्टर बूट सोडायला लागले. "सर, खरं सांगू? माझी टाच महिनाभर ठणकतीया. पुढं पळतो ते कशाला? पुढं गेलं की बसायला मिळतं म्हणून."

मग कुणी पाठ सांगितली, कुणी पोटऱ्या. कुठला वैद्य एवढ्या दुखण्यांना पुरला असता? सर उभेच होते. मग हळूच, आमच्याकडं पाठ करून, तेही एका दगडावर टेकले.

अक्कांनी उरलेला लाडू खाल्ला. हात झटकले. उठल्या आणि म्हणाल्या, "नडीरी." पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही. मग खाकरल्या आणि जोरात म्हणाल्या.

देवळापाशी सगळे एकदमच पोचलो. सरांनी चुरमुऱ्याच्या गिरमिटाचा पुडा सोडला, पहिला घास अक्कांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "विषय संपला." मला म्हणाले, "तू पुढच्या आयतवारी तोंडाला फडकं बांधून ये." आता याला काय मी बोलणी खाणं म्हणतो? नाही. खरी बोलणी परतताना बसस्टॉपवर बसली, आणि ती अक्कांकडनं.

"दात काय काढतोस माकडा?"

"तुमचं काम झालं की अक्का."

"झालं न्हाई. केलं. मी केलं. तू काय केलास? घरात सून बसवती, ती निदान स्वतःच्या तोंडानं बसवती. तू मला दुसऱ्याच्या तोंडानं बसवलास. मला तोंड न्हाई व्हय?"

"तोंड होतं, पण दम नव्हता."

"म्हणून तर बसू दे म्हणायचं होतं मला! दोन आयतवार झाले, रोज घरात बसल्या बसल्या मनात म्हणून बघत होते, सर थांबा, सर थांबा. आज म्हणणारच होते. तेवढ्यात हे गाढव खाकरलं. सापडलास ते बरं झालं. न्हाईतर जन्मभर तुझ्या नकलेवर बसले असते मी. नडायचं तर आपल्या तोंडानं नडावं!"

"कुठलं नडणं अक्का? कानडी का मराठी?"

पिशवीचा फटका बसला. मी बाकावर टेकलो, पाय लांब केले. दिवसभर चढउतार करून पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि सगळ्यांना बसवण्याच्या नादात मी एकदाही बसलो नव्हतो. तेवढ्यात हुबळीची बस वळणावर दिसली.

"आणि आता कशाला बसलास? कुणी सांगितलं बसायला?" अक्का माझ्या डोक्यावर उभ्या. "एवढा घोड्यासारखा झालास आणि म्हाताऱ्या बाईच्या पुढं पाय पसरतोस? ऊठ. नडी!"