आडनाव कळेपर्यंत मी हुशार होते

नारळ फुटला तेव्हा मी हळदीकुंकू लावायच्या रांगेत उभी होते.

शाळेत पहिला संगणक आला होता. साताऱ्यातली आमची शाळा, खाजगी संस्थेची. संस्थेचे सचिव आबासाहेब, मोठे ऊसवाले बागायतदार. त्यांनी देणगी मिळवून तो आणला होता. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीला नवा रंग दिला. दाराला 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. टेबलावर जरीकाठाचं कापड. एकेक बाई पुढं जाऊन मशिनला कुंकू लावत होती. माझ्या पुढच्या बाईंचं झालं, तबक माझ्या हातात आलं. मी पाऊल टाकलं.

हेडसर मध्ये आले. माझ्या हातातलं तबक त्यांनी अलगद काढून घेतलं. हसत हसत. म्हणाले, "बाई, तुम्ही राहू द्या. तो खोक्यांचा पसारा तेवढा आवरा बघू."

तबक माझ्या मागच्या बाईंच्या हातात गेलं. त्या संगीत शिकवायच्या. मी विज्ञान शिकवायची. माझ्या नववीची पोरं खिडकीला चिकटून बघत होती. शिपाई कोपऱ्यात हात बांधून मोकळा उभा होता. त्याला कुणी पसारा आवर म्हणालं नाही.

मी खाली बसले. थर्माकोलचे तुकडे गोळा केले. ते साडीला चिकटत होते, झटकले तरी निघत नव्हते. माझ्या डोक्यावर आरती चालू होती.

हे सांगितलं की लोक विचारतात, "जातीचं नाव घेतलं का त्यांनी?" नाही घेतलं. ते कधीच घेत नाहीत. शिकलेली माणसं आहेत.

पुढच्याच आठवड्यात संगणक शिकायला कुणाकुणाला पाठवायचं ते ठरलं. माझं नाव नव्हतं. संगीताच्या बाईंचं होतं. मी केबिनमध्ये गेले. विचारलं, "सर, विज्ञान मी शिकवते. माझं नाव का नाही?"

हेडसरांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला. म्हणाले, "बाई, नोकरी कोट्यातून मिळते. कॉम्प्युटर कोट्यातून कळत नाही."

मी "बरं सर" म्हणाले. तोंडात तेच बसलेलं होतं. 'बरं सर' म्हणत शाळा शिकले, कॉलेज शिकले, नोकरीला लागले. बाहेर आले आणि तासावर गेले. परावर्तनाचे नियम शिकवले. फळ्यावरची रेघ सरळ आली. आत मात्र पेटलं होतं.

माझे वडील, तात्या, सांगलीशेजारच्या माधवनगरला राहायचे. शिराळ्याकडचं गाव सोडून तरुणपणी आले आणि कापडगिरणीत सगळी हयात घालवली. त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. झालेलं सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. ते चिडले नाहीत. खोकला आवरेपर्यंत थांबले आणि म्हणाले,

"आमास्नी कवा मागावर घेतलंच न्हाई बघ. मागाच्या धोट्यातला धागा तोंडानं वढून घ्याय लागायचा. आमचं तोंड लागल्यालं दुसऱ्याला कसं चालंल? म्हनून आमी समदी कापूस पिंजायच्या खात्यात. निस्ती धूळ. तीच ही छातीत बसलीया."

"मग तुम्ही काय केलंत तात्या?"

"काय करनार? मागवाल्याला पगार लय. आमी लांबनं बघायचो."

हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं गिरणीत काढली आणि या माणसानं हातभर कापड विणलं नव्हतं. विणता येत नव्हतं म्हणून नाही. त्यांची थुंकी विटाळाची होती म्हणून. मी त्यांच्या छातीकडे बघत राहिले. ती आवाज करत खालीवर होत होती. माझ्या मनात एकच आलं, आता मी लांबनं बघणार नाही. कोण काय करतो ते बघते.

थोड्याच दिवसांत पेपरात जाहिरात आली. दूरशिक्षणानं पदव्युत्तर पदवी, विषय शैक्षणिक तंत्रज्ञान. शिक्षकांसाठी. अभ्यासकेंद्र सांगलीला. दर रविवारी वर्ग, बाकी धडे पोस्टानं आणि कॅसेटवर. शेवटच्या वर्षी इंटरनेटवरून. इंटरनेट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. माझे मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला जायचे. ते म्हणाले, "कर तू. रविवारचं मी बघतो."

अर्जाला शाळेचा अनुभवाचा दाखला लागत होता. मी हेडसरांकडे गेले. त्यांनी जाहिरात वाचली आणि विचारलं, "एम.ए.? पोस्टानं?" मग जरा विचार करून म्हणाले, "देतो की. आम्ही कुणाला अडवत नाही. फक्त एक ओळ लिहून द्या. उद्या संस्थेत संगणक शिक्षकाचं पद निघालं, तर त्यावर हक्क सांगणार नाही. एवढंच."

कोरा कागद त्यांनीच पुढं सरकवला. पेनही त्यांचंच.

मी पेन हातात घेतलं. टोपण काढलं. तेव्हा मला कळलं, या माणसाला भीती वाटते. कॉम्प्युटर मला कळणार नाही असं त्यांना वाटत असतं, तर कागद कशाला मागितला असता? कळेल म्हणूनच मागितला. इतकी वर्षं मी समजत होते, ते मला कमी लेखतात. ते मला कमी लेखत नव्हते. मला कमी ठेवत होते. या दोन्हींत फरक आहे. तो कळायला मला तिशी गाठावी लागली.

मी टोपण लावलं. पेन टेबलावर ठेवलं.

"लिहून देणार नाही."

"मग दाखला नाही."

"नको."

'सर' म्हणाले नाही. पहिल्यांदाच. आणि जिना उतरले.

सांगलीला केंद्रावर जाऊन सांगितलं, दाखला मिळत नाही. तिथल्या क्लार्कनं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "नेमणुकीचा आदेश आहे ना? त्याची झेरॉक्स जोडा." संपलं. ज्या सहीसाठी मला माझा हक्क लिहून द्यायला सांगितलं होतं, ती सही लागतच नव्हती.

मग रविवारची एसटी सुरू झाली. पहाटेचा सातारा, कराडला चहा, सांगली. केंद्रावर संगणक होते आणि त्यांच्यापुढं साध्या खुर्च्या होत्या. चपला घालूनच बसायचं. मी पहिल्यांदा बोट ठेवलं आणि पडद्यावर अक्षर उमटलं. कुणी ओरडलं नाही. काही बाटलं नाही. मला हसू आलं नाही, रडू आलं नाही. चीड आली. एवढ्याशा गोष्टीसाठी यांनी माझ्याकडून पसारा आवरून घेतला होता.

शेवटच्या वर्षी इंटरनेट आलं. सांगलीत तेव्हा नुकतीच एक-दोन दुकानं निघाली होती. फोनची लाइन किंचाळायची, मग कधी जोडली जायची, कधी नाही. राज्यभरच्या आम्हा विद्यार्थ्यांचा एक ई-मेल गट होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. प्रश्न टाकला जायचा, सगळ्यांनी मत मांडायचं. मी फक्त नाव लिहायची. तिथं कुणालाच आडनाव लिहायची सवय नव्हती.

आणि लोक माझं ऐकायला लागले. "तुमचा मुद्दा पटला." "मॅडम, अजून लिहा." पुण्याच्या एका कॉलेजातल्या बाई तर मला वेगळी पत्रं पाठवायच्या. "किती स्पष्ट विचार करता हो तुम्ही! सुट्टीत घरी या, आपण मिळून एक लेख लिहू." मी दोनदा वाचायची. असं मला आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं.

मग त्यांनी सहज विचारलं, "सांगलीकडच्या का? आडनाव काय तुमचं? आमचेही तिकडे बरेच लोक आहेत."

मी आडनाव लिहिलं.

उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गटात त्या बाकीच्यांना लिहीत होत्या. माझ्या मुद्द्यावर मात्र गप्प. लेखाचं नावच नाही. मी तीच होते. वाक्यं तीच होती. आडनाव कळेपर्यंत मी हुशार होते.

लोक म्हणतात, यंत्र जात बघत नाही. खरं आहे. पण माझं ऐकून घ्यायला आधी माझं तोंड झाकावं लागलं, नाव अर्धं लिहावं लागलं. त्या दिवशी मी ठरवलं, ही पदवी अर्ध्या नावानं घ्यायची नाही. त्यानंतर गटातल्या प्रत्येक पत्राखाली पूर्ण नाव लिहिलं. ज्यांना गप्प बसायचं होतं ते गप्प बसले.

प्रबंधाचा विषय मी घेतला, शाळेतल्या संगणकाला कुणाचा हात लागतो. सातारा-सांगलीच्या शाळा हिंडले. शिराळ्याच्या बाजूला एका शाळेत संगणक हेडमास्तरांच्या खोलीत कव्हर घालून ठेवलेला. धूळ पुसायला वस्तीतली बाई, बटण दाबायला सरपंचाचा मुलगा. वस्तीतल्या एका मुलीला मी विचारलं, "तू कधी चालवलास का गं?" ती म्हणाली, "न्हाई बाई. आमी भायेरनं बघतो." तात्यांचंच वाक्य. पोरगी दहा-बारा वर्षांची.

हे सगळं प्रबंधाच्या एका प्रकरणात लिहिलं आणि सांगलीच्या केंद्रप्रमुखांना दाखवलं. माणूस चांगला, सभ्य. वाचून म्हणाले, "तुमचा राग मी समजू शकतो. पण हा तंत्रज्ञानाचा विषय आहे. यात जात कशाला? हे प्रकरण काढा, प्रबंध उत्तम होईल."

"काढणार नाही सर."

"गुण कमी पडतील."

"पडू देत."

कमी पडलेच. पण मी पास झाले. पदवी पोस्टानं आली, सुरनळी करून. तात्यांनी ती हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली. विचारलं, "आता तुला मागावर घेतील न्हवं?"

मी म्हणाले, "न्हाई घेत. पर मी बसनार हाय."

संस्थेनं पद काढलं. संगणक शिक्षक. मी अर्ज केला. नेमणूक झाली आबासाहेबांच्या सुनेची. तिच्याकडे तीन महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट होतं. मी वकील गाठला आणि संस्थेविरुद्ध दावा टाकला. शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी बोलणं बंद झालं. मी आत गेले की तिथलं हसणं थांबायचं.

मग एका संध्याकाळी हेडसर आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मिस्टर शिफ्टला होते. मी खुर्ची दिली, चहा टाकला. चहा समोर ठेवला. त्यांनी कपाकडे बघितलं, क्षणभर थांबले, मग उचलला आणि सगळा प्याले. रिकामा कप खाली ठेवून माझ्याकडे बघून हसले.

"बघा, तुमच्याकडचा चहासुद्धा प्यालो. आम्ही तसलं काही मानत नाही. आता तुम्हीही जरा मोठं मन करा. दावा मागं घ्या. पुढच्या वर्षी तुम्हाला सुपरवायझर करू. आबासाहेबांशी बोललोय मी."

मी रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. माझ्या पगारातली साखर, माझ्या घरातलं दूध. आणि उपकार त्यांचे. पिढ्यान् पिढ्या हेच. आधी विटाळ त्यांनी लावायचा, मग तो पुसल्याची किंमत आमच्याकडून घ्यायची.

"सर, चहा साधाच होता," मी म्हणाले. "त्याची एवढी किंमत होत नाही. दावा मागं घेणार नाही."

"नोकरी जाईल बाई."

"घालवा. तिच्यासाठी दुसरा दावा टाकीन."

ते उठले. चपला घालताना त्यांचा तोल गेला, दाराचा आधार घेतला. मी त्यांना पोचवायला उठले नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, "तुम्ही लोक ना, शिकलात की उद्धट होता."

मी म्हणाले, "व्हय. आनि अजून लय शिकनार हाय."

दार मी उठून लावलं. आतून. वकिलानं सकाळी कागद घेऊन बोलावलं होतं. पिशवी काढली आणि तीत दाव्याचे कागद भरायला बसले.