कोऱ्या कापडाची पट्टी आणि तायव्वाचं लुगडं

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी आठ दिवस दिले म्हणून मी सोलापूरला गेले, नाहीतर दसऱ्यानंतरच्या त्या उन्हात हौसेनं तिकडं जाणाऱ्यांतली मी नव्हे. गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरीची. पुण्यात मी कंबरमोडीच्या पाल्याचा रस आणि कोरफडीचा गर वापरून जखमेवरची पट्टी तयार करत होते. सगळं आपल्याकडचंच हवं, या हट्टापायी कापडही सोलापूरच्या हातमागाचं मागवलं होतं. पण पट्टी प्रयोगशाळेतल्या सशाच्या जखमेला चिकटून बसायची आणि काढताना जखम पुन्हा उघडायची. सर म्हणाले, "पाल्यात दम नाही. आठ दिवसांत काही सापडलं नाही तर विषय बदला." दोन वर्षं पाण्यात जाणार होती.

सांगोल्याकडचे धनगर हाच पाला मेंढ्यांना लावतात असं ऐकलं होतं. म्हणून पट्ट्यांचं कापड पिशवीत घालून सकाळची गाडी पकडली. सोलापुरात मामेबहीण सुमनकडे मुक्काम. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मी इतकी खाल्ली की सुमननं विचारलं, "संशोधन जेवणावर आहे का गं?" चटणी मात्र जरूर बांधून आणा, ती टिकते.

दुसऱ्या दिवशी एसटीनं मंगळवेढ्यावरून सांगोला. आता रस्ता चांगला झालाय. तेव्हा उतरल्यावर कमरेचे मणके जागच्या जागी आहेत का ते बघावं लागायचं. पुढं वाडीपर्यंत तासभर चाल. पाणी सोबत ठेवा, वाटेत सावलीही मिळत नाही.

वाडीवर मेंढ्यांची लोकर कातरणं चाललं होतं. कातरणारा बिरू, आणि सगळ्यांवर नजर ठेवणारी त्याची आई तायव्वा, साठीच्या पुढची. कातर लागून दोन मेंढ्यांना जखमा झाल्या होत्या. तायव्वानं पाटाकडेची कंबरमोडी खुडली आणि तळहातांवर चोळून रस काढला. मी लगेच पुढं सरसावले.

"मावशी, एकीला माझं कापड बांधा. एकदम कोरं आहे, वाफेवर शुद्ध केलेलं."

तिनं बांधलं. वरून रस पिळला, तो कापडावरून ओघळून खाली मातीत गेला. तायव्वा हसायला लागली.

"पोरी, ह्याला खळ हाय की! कोरं कापड रस पीत न्हाय. आमच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असती, म्हनून तर पाऊस आत येत न्हाय."

"पण कोरं म्हणजे स्वच्छ ना?"

"देवाला व्हय. जखमेला न्हाय."

मग तिनं दोरीवर वाळणाऱ्या जुन्या लुगड्याची कड टरकन फाडली. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालं होतं. रस टाकताच पट्टी हिरवी झाली, थेंबही खाली आला नाही. ती कड तिनं दुसऱ्या मेंढीला बांधली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. दर रविवारी मी स्वतः साड्यांना खळ घालत होते. त्या क्षणीही अंगावर खळीची कडक साडी होती. पण खळीवर पाणी ठरत नाही, म्हणून रस आत जिरत नाही आणि कोरडी पट्टी जखमेला चिकटते, हे डोक्यात आलंच नव्हतं. कापडाचं कोरेपण जाऊ नये म्हणून दोन वर्षांत मी ते एकदाही धुतलं नव्हतं.

दोन दिवस तिथंच राहिले. हुलग्याचं माडगं प्यायले. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं, तिसऱ्या वेळी मागून घेतलं. तिसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्या. लुगड्याची अलगद सुटली. माझी सोडताना मेंढी ओरडली आणि रक्त आलं. तायव्वानं तिला कुरवाळलं आणि तिलाही लुगड्याची कड बांधली. तिनं माझ्यावर रागवायला हवं होतं.

निघताना दोरीवर नजर गेली. तिथं ते एकच लुगडं होतं. दुसरं तिच्या अंगावर.

पुण्यात परतल्यावर तेच हातमागाचं कापड सोडा घालून उकळलं, दहादा धुतलं आणि मग रसात भिजवलं. पट्टी सशाच्या जखमेवरून न ओढता निघाली. सरांनी दोनदा तपासली. "विषय चालू ठेवा," एवढंच म्हणाले. प्रबंधात मी लिहिलं, 'खळ पूर्ण काढलेले सुती कापड'. शास्त्रीय भाषेत लुगडं बसत नव्हतं, तायव्वाही बसली नाही. त्याची लाज आजही वाटते.

तेव्हा मनाला बरं वाटावं म्हणून सोलापूरचंच एक चांगलं लुगडं तिला पार्सलनं पाठवलं. महिन्यानं बिरूच्या हातचं कार्ड आलं.

"लुगडं पोचलं. आई म्हनती, लई झ्याक हाय, पन अजून जखमेच्या कामाचं न्हाय. नेसून नेसून मऊ करती, मग ये म्हनावं."

मी परत गेले नाही.