मीठगड

मी गाव सोडलं त्या दिवशी यवतमाळला ट्रॅव्हल्सपाशी मला पोचवायला तिघं आली होती. आई, बाबा आणि प्रल्हाद. दुपारी चारची पुण्याची गाडी होती. आईनं ज्वारीच्या पिठाची पिशवी आणली होती, पुण्यात जणू पीठच मिळत नाही. "पोचला का फोन करजो," हे तिनं सात-आठ वेळा सांगितलं. बाबांचं पालुपद वेगळं होतं. "लोहाऱ्याले एमआयडीसी हाय नं. तिथं लागला असता तं संध्याकाळी घरी जेवाले असता." प्रल्हाद थोडा लांब, शेंगदाण्याच्या गाडीपाशी उभा होता. युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेली एक लांब सुरळी त्याच्या काखेत होती. गाडीनं हॉर्न दिला तेव्हा तो पुढं आला आणि सुरळी माझ्या हातात कोंबली.

"घे बे. तू चालला. मी आता कोनासंग खेळू?"

मी त्याला मिठी मारली. डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते खोटं नव्हतं. पण एक गोष्ट त्याला सांगायची राहिली होती. ती तिथं, त्या पाच मिनिटांत सांगता आली असती. मी गाडीत चढलो आणि खिडकीतून हात हलवला.

जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे पुणे, बंगळुरू, दुबईला निघून गेलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. राहिलेल्यांना अर्धी गोष्ट माहीत आहे. गेलेल्यांना मी दुसरीच सांगितली आहे.

प्रल्हाद आमच्या गावालगतच्या तांड्यावरचा. कळंबच्या शाळेत आठवीत आम्ही एका बाकावर आलो. दोघांनाही क्रिकेट येत नव्हतं, एवढंच आमच्यात सारखं होतं. त्याच्या आज्यानं त्याला लदेणीच्या गोष्टी सांगितल्या होत्या. पूर्वी त्यांचे लोक शेकडो बैलांवर मीठ लादून मुलुखभर फिरायचे, त्या तांड्याला लदेणी म्हणतात. त्या गोष्टींतून प्रल्हादनं एक अख्खा देश काढला. कागदाला कागद चिकटवून केलेला नकाशा, त्यात नद्या, घाट, जंगलं, लदेणीच्या वाटा. पूर्वेचं राज्य त्याचं, पश्चिमेचं माझं. माझ्या राजधानीचं नाव मीठगड. पासे म्हणून त्याच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, जुन्या घागऱ्यावरून निघालेल्या सहा कवड्या होत्या. कवड्या किती उताण्या पडल्या त्यावर लढाई ठरायची, दुष्काळ ठरायचा, राजकन्येचा ताप ठरायचा. नियमांच्या चार वह्या भरल्या होत्या.

एकच भांडण कधी मिटलं नाही. मीठ येतं कुठून? मी म्हणायचो, मीठगडाखाली खाण आहे, राजूरच्या कोळशासारखी. तो म्हणायचा, "मीठ समुद्रातून येते, येड्या." पण समुद्र काढायचा कसा? दोघांनीही पाहिला नव्हता. आणि काढायचा तर जागा पश्चिमेला, म्हणजे माझ्या राज्यात. मी जागा दिली नाही. नकाशा बिनसमुद्राचाच राहिला.

हे आठवी-नववीत ठीक होतं. आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचलो तरी खेळतच होतो, आमच्या वावरातल्या कोठ्यात, गुरांच्या वासात आणि कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर बसून. आज अशा खेळांची दुकानं आहेत, क्लब आहेत. तेव्हा आमच्याकडे त्याला शब्दच नव्हता. होता तो एकच, भातुकली. एकविसाव्या वर्षी दोन पोरं कोठ्याचं दार लावून भातुकली खेळतात, हे कळलं तर गाव काय म्हणेल ते मला पक्कं ठाऊक होतं. प्रल्हादला त्याची फिकीर नव्हती. कोणी विचारलं तर तो सांगूनही मोकळा झाला असता. मीच त्याच्या तोंडावर हात ठेवत आलो होतो.

त्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी गावातल्या तिघांनी कोठ्याच्या फटीतून पाहिलं. प्रल्हाद डोक्याला याडीची ओढणी गुंडाळून कुटारावर उभा होता आणि लढाई जाहीर करत होता. मी गव्हाणीच्या आड बसलेलो, त्यांना दिसलो नाही. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर हाच विषय. परल्ह्या राजा झाला! आणि पुढचा प्रश्न लगेच आला. "पन संग कोन होतं बे? एकटा थोडी बोलून राह्यलता."

मी पानठेल्यावरच होतो. तिघंही माझ्याकडे पाहत होते, कारण कोठा आमचा. मी हसलो. म्हटलं, "मले काय माहीत? आमच्या कोठ्यात कोनीही घुसते."

झडती काय असते ते बाहेरच्यांना सांगायला हवं. पोळ्याला सगळे बैल तोरणाखाली उभे राहतात आणि पोळा फुटायच्या आधी झडत्या होतात, चार-सहा यमकी ओळींची टिंगल, नाव घेऊन, भर गावासमोर. शेवटी सगळ्यांनी हर हर महादेव म्हणायचं. ज्याच्यावर झाली त्यानं चिडायचं नाही. आमच्या गावात झडती म्हणावी तर बाबांनी. आवाज असा की बैल कान टवकारायचे. पण त्यांना जोडता येत नसे, नववीपासून त्यांना मीच जोडून देत होतो, हे आमचं घरातलं गुपित. "औंदा काही नवं दे रे," ते म्हणाले.

मी दिलं. अर्ध्या तासात झालं. मला एवढं पटकन कधीच सुचलं नव्हतं.

वावरात तन अन् कोठ्यात राजा,
परल्ह्याच्या नावानं वाजवा बाजा!
कवड्याची फौज, कागदाचं रान,
मीठगड जितला, घरात नाही धान!
बायको भेटन तं कागदाची भेटन,
पावसात गेली तं जाग्यावर फाटन!

गाव अक्षरशः लोळलं. म्हातारे हसले, पोरं हसली, बैलाची वेसण धरलेल्या माणसांच्या हातून वेसण सुटली. प्रल्हाद तांड्याच्या बैलांपाशी उभा होता. मी सगळ्यांत जोरात हर हर महादेव म्हटलं. त्यानंतर मला कोणी विचारलं नाही की संग कोण होतं. आणि आणखी एक सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. तांड्यावरच्या पोराला हसणं गावाला सोपं जातं, हे मला ती ओळ जोडताना माहीत होतं. मी त्याचा हिशेब धरला होता.

तिसऱ्या दिवशी प्रल्हाद आला. चिडला नव्हता, गोंधळलेला होता. "बाकी ठीक हाय, अमोल. पन मीठगड त्यायले कसं माहीत?"

"तूच तं ओरडून राह्यलता कुटारावरून," मी म्हटलं. "ऐकलं असन."

तो विचार करून म्हणाला, "हो बे. माहीच चुकी."

दिवाळीनंतर त्याला पाहायला पाहुणे आले, दुसऱ्या तालुक्यातल्या तांड्यावरचे. पोरगी त्याला आवडली होती, तिच्याबद्दल तो माझ्याशी तासभर बोलला होता. पाहुण्यांनी चहा घेतला आणि जाताना त्यांच्यातला एक जण हसत म्हणाला, "हाच का तो कागदाचा राजा?" झडती त्यांच्याआधी तिथं पोचली होती. ते पुन्हा आले नाहीत. त्यानंतर तो कागद राजा झाला तो झालाच. कापूस विकायला गेला की "या, कागद राजे," रेशनला उभा राहिला की "राजाले रस्ता द्या." त्यानं कवड्यांना पुन्हा हात लावला नाही. आणि मग तो मला पोचवायला यवतमाळला आला, नकाशा घेऊन.

पुण्यात मला कळलं की आम्ही जे करत होतो ते जगभर करतात. ऑफिसातल्या चौघांचा ग्रुप होता, वीस बाजूंचे पासे, रविवारी कोणाच्या तरी फ्लॅटवर, पिझ्झा मागवून. मी महिन्याभरात गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, झालो. देश नवा कशाला शोधू? मीठगड होताच. नकाशा फ्रेम करून हॉलमध्ये लावला. लोक विचारत, "हा तू काढलास?" सुरुवातीला मी "आम्ही" म्हणायचो. नंतर "हो" म्हणायला लागलो.

मग ऑफिसात हॉबी डे आला. आपले नर्डी छंद बिनधास्त सांगा, लाजू नका, असा विषय. मी स्टेजवर गेलो, छातीवर वीस बाजूंच्या पाशाचा टी-शर्ट. आणि मी सांगितलं की गावात माझ्यावर झडती झाली होती. माझ्यावर. सहाच्या सहा ओळी म्हणून दाखवल्या, फक्त परल्ह्याच्या जागी अमोल्या घातलं. यमकाला काही फरक पडला नाही. अख्ख्या सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. टेस्टिंगमधल्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "किती सहन केलंस तू." मी मान खाली घातली, ती नम्रता समजली गेली.

मी त्याची इज्जत घेतली होती, त्याचा नकाशा घेतला होता. उरलं होतं ते दुःख, तेही घेतलं. तुमच्यापैकी जे शहरात गावाच्या छळाच्या गोष्टी सांगतात, त्यांच्या किती खऱ्या आहेत ते त्यांचं त्यांनी पाहावं. टाळ्या मात्र छान पडतात.

गेल्या वर्षी मुलीला, सईला, पहिल्यांदा तान्हा पोळा दाखवायला नेलं. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन येतात, सजवतात, आपापल्या झडत्या म्हणतात, कंपासपेट्या बक्षीस मिळतात. सई सात वर्षांची. बाबांनी तिला दोन दिवस ओट्यावर बसवून काही तरी शिकवलं, मला ऐकू दिलं नाही. "सरप्राइज आहे, पप्पा."

देवळासमोर माइक होता. प्रल्हाद आला होता, पोरीला घेऊन. लग्न उशिरा झालं त्याचं. केस पांढरे, हातात पोरीचा लाकडी बैल. त्यानं मला पाहून हात वर केला, नेहमीसारखा. सई माइकपाशी गेली आणि पुणेरी उच्चारांत, एकेक शब्द सांभाळत, वावरात तन अन् कोठ्यात राजा म्हणायला लागली.

गाव हसलं, पण सवयीनं. इतक्या वर्षांत ती झडती कोणाला टोचेनाशी झाली होती. प्रल्हादही हसत होता. त्याची पोरगी टाळ्या वाजवत होती, झडतीतला राजा तिचाच बाप, हे तिला कोणी अजून सांगितलं नव्हतं. तेवढ्यात बाबांनी नातीच्या हातून माइक घेतला. नातीपुढं मुलाचं कौतुक करायचा मोह त्यांना आवरला नाही. "तुमाले वाटते हे झडती माही हाय. नाही! माह्या अमोलनं जोडली हे. मी नुसता बोंबललो!"

टाळ्या पडल्या. प्रल्हादच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला तो निघून गेला. मग तो गर्दीतून पुढं आला आणि सईसमोर उकिडवा बसला.

"लय मस्त म्हनली, बाई. अजून एकडाव म्हन."

सईनं आनंदानं पुन्हा म्हटलं, सगळी. तो टाळीवर ताल धरून बसला होता. प्रत्येक ओळीला त्याची नजर माझ्यावर होती. शेवटी हर हर महादेव त्यानं एकट्यानं म्हटलं. मग उठून माझ्यापाशी आला.

"नकाशा हाय का?"

"हाय. फ्रेम केला."

"पाठवून देजो," तो म्हणाला आणि पोरीचं बोट धरून तांड्याकडे निघाला. मी मागून "प्रल्हाद" म्हटलं. तो थांबला नाही. परतीच्या वाटेवर सईनं विचारलं, "पप्पा, मीठगड तर आपल्या गेममधला ना? मग ते काका राजा कसे?"

नकाशा पाठवला. सोबत पाच पानांची चिठ्ठी, सगळं कबूल केलेली, माफी मागितलेली. चिठ्ठी तेवढी आठ दिवसांत परत आली, न फोडता. रविवारच्या ग्रुपनं रिकाम्या भिंतीबद्दल विचारलं. मी सांगितलं, फ्रेम बदलायला दिलीय. मी खेळतो हे मी जगाला उघडपणे सांगतो. कसा खेळलो, ते इथं पहिल्यांदा सांगतोय.

या उन्हाळ्यात त्याचा मेसेज आला. एक फोटो. तांड्यावरच्या देवळाचा ओटा, भर दिवसा, रस्त्याच्या कडेला. पाच-सहा पोरी आणि पोरं गोल बसलेली, त्याची लेक कवड्या टाकतेय. डोक्याला ओढणी गुंडाळून प्रल्हाद मधोमध उभा, हात वर. रस्त्यानं जाणारे दोघं थांबून पाहताहेत. हसतच असतील. त्याचं तोंड उघडं आहे, तो लढाई जाहीर करतोय.

मध्ये नकाशा पसरलेला. पूर्वेच्या नद्या, घाट, जंगलं, सगळं जागच्या जागी, नव्यानं गिरवलेलं. पश्चिमेला, माझं राज्य होतं तिथं, सगळा निळा. पोरीच्या रंगपेटीतला, जाड, दोन-तीन हात दिलेला. लदेणीच्या सगळ्या वाटा त्या निळ्यापर्यंत जाऊन पोचल्या होत्या. खाली दोन शब्द होते.

"मीठ भेटलं."

गावाला मी जातो अजून. आई ज्वारीचं पीठ बांधून देते, बाबा पोळ्याला नवं काही दे म्हणून मागे लागतात, मी देत नाही. घर आहे, वावर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे. पण घर म्हटलं की मला आधी जे दिसायचं ते त्या कागदावर होतं.

सईनं माझ्या हातून फोन घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा करत ती डावीकडे सरकत गेली, अजून डावीकडे, कडेपर्यंत.

"पप्पा, आपण कुठं आहोत यात?"

मी निळ्यावर बोट ठेवलं.