काचेतली घुंगुरकाठी

मोशीच्या कोंडाजी तात्यांचं घराणं जागल्यांचं. शेतं होती तेव्हा त्यांचे वडील घुंगुरकाठी वाजवत रात्रभर फिरायचे, आणि तो आवाज ऐकत गाव निवांत झोपायचं. आता शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, राखण सिक्युरिटीवाल्यांकडे गेली. पण जत्रेत पालखीपुढे ती काठी नाचवायचा मान तात्यांचाच.

दिवाळीत पोलिसांच्या संग्रहालयानं लोकांकडून जुन्या वस्तू मागितल्या. तात्यांनी मोठ्या दिमाखानं काठी दिली. पेपरात फोटो छापून आला. जत्रेपुरती आणता येईल, असं त्यांनी मनाशी धरलंच होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी ते काठी आणायला गेले. आत शाळेच्या पोरांची चित्रस्पर्धा चालली होती आणि पोरं काचेतल्या काठीचंच चित्र काढत होती. तिथल्या प्राजक्ताताईंनी तात्यांना चहा दिला, काठी मात्र दिली नाही.

"तात्या, बाहेर न्यायला वरून परवानगी लागते. महिना तरी जाईल."

"अवो ताई, जत्रा उद्या हाय. देव थांबल व्हय महिनाभर?"

"पोरांना हाताळायला तशीच दुसरी केलीय. ती देऊ का?"

"पोरांचं खेळणं देवाफुडं नाचवू?"

"पण तात्या, तुम्हीच दिलीत ना आम्हाला?"

चहा तसाच ठेवून तात्या उठले.

दुसऱ्या दिवशी ते पालखीपुढे रिकाम्या हातानं उभे राहिले.

"तात्या, काठी कुठंय?" कुणीतरी ओरडलं.

"पोलिसांनी धरलीय!" दुसऱ्यानं परस्पर सांगून टाकलं.

लोक हसले. तात्या हसले नाहीत. वडिलांसारखी "हुश्शाऽर" अशी हाळी देत ते चालू लागले, पण डीजेच्या दणक्यात ती त्यांची त्यांनाही ऐकू आली नाही.