भुलाबाईचा शेवटचा फेरा

माणसानं डूख धरू नये, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी धरला. वीस वर्षं धरला आणि उट्टं काढलं. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आमचा मळा अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या रस्त्याला होता. वांगी, सांभार, मेथी आणि बांधाच्या कडेनं शेवंती. माझी आत्या विधवा होऊन माहेरी परत आलेली. सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन ती अमरावतीत वकील-मास्तरांच्या आळीत भाजी-फुलं विकायची आणि दुपारी मळ्यात राबायची. पण भादव्याची पुनव आली की आमच्या आळीत तिच्याशिवाय पान हलत नसे. ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मखरात मातीची भुलाबाई आणि भुलोजी बसले की पुढं महिनाभर, कोजागिरीपर्यंत, रोज संध्याकाळी पोरी जमायच्या. टिपऱ्या कशा धरायच्या, गाणं कुठं उचलायचं, पाय कुठं आपटायचा, हे सगळं आत्या शिकवायची. तिला तिच्या आत्यानं शिकवलं होतं. आमच्याकडे हे गाणं आईकडून लेकीकडे जात नाही, आत्याकडून भाचीकडे जातं.

सगळ्यात अवघड गाणं मायलेकीचं. सासरहून लेक येते तर माय चुलीपाशी रडत बसलेली. पोरींच्या समोरासमोर दोन रांगा. एक रांग विचारते, दुसरी उत्तर देते.

कावून रडतं माय व, कावून रडतं?
ओलं सरपन, पोरी, धूर डोळ्यात भरते.

कावून रडतं माय व, कावून रडतं?
कांदा चिरला, पोरी, पानी आपसुक झरते.

'कावून' म्हटलं की उजवी टाच आपटायची आणि रांगांनी एकमेकींतून आरपार जायचं. माय दर फेऱ्याला नवीन खोटं सांगते. खरं कारण शेवटच्या फेऱ्यात येतं, आणि तो फेरा खेळात कधीच म्हणत नाहीत. भाचीचं लग्न ठरलं की हळद लावताना आत्या तो तिच्या कानात सांगते. मी लहानपणापासून त्या फेऱ्यासाठी जीव टाकत होते. आत्याच्या पाठीवर लोंबकळून, तिचे पाय दाबून, रुसून, सगळं करून पाहिलं.

"आत्ता नाई," ती म्हणायची. "तुले हळद लागू दे, मंग सांगतो."

आमच्या आळीतून मुलींच्या शाळेत गेलेली पहिली मुलगी मी. शाळेच्या मुख्य बाई पुण्याच्या. गोऱ्या, नीटनेटक्या, हातात कायम रूळ. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "बाई, मी पानी प्याले जातो." बाई म्हणाल्या, "मुलगी असून जातो? आणि प्याले म्हणजे काय, चहाचे?" वर्ग हसला आणि माझ्या तळहातावर रूळ बसला. 'मले'ला एक रूळ, 'तुले'ला एक, 'माझी'ऐवजी 'माई' म्हटलं म्हणून एक, 'सांभार'ला दोन, कारण सांभार म्हणजे कोथिंबीर हे त्यांना कळायला वेळ लागला आणि तो त्यांना अपमान वाटला. वर्षभरात माझी जीभ सरळ झाली. मी हुशार होते ना.

मग बक्षीस समारंभ ठरला. डेप्युटी कमिशनरची मडम येणार होती आणि तिला या मुलखातलं काहीतरी दाखवायचं होतं. बाईंनी आत्याला शाळेत बोलावलं. आत्या नवं लुगडं नेसून, शेवंतीची वेणी घेऊन गेली. बाईंनी वेणी टेबलावर ठेवली आणि तिला दाराशी, चपलांजवळ बसवलं. आठ दिवस ती तिथूनच गात होती आणि बाई लिहून घेत होत्या.

लिहिता लिहिता बाई 'कावून'पाशी अडल्या. त्यांनी आत्याला विचारलं असतं तर आत्यानं सांगितलं असतं, कावून म्हणजे का, कशासाठी. पण विचारतील कशाला? कावणं म्हणजे चिडणं, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी 'कावून' खोडून 'रागावून' लिहिलं. रागावून रडते आई, रागावून रडते! लेकीचा प्रश्नच गेला. आता कुणी काही विचारत नव्हतं आणि आई आपली एकटीच बसून धुराची, कांद्याची कारणं देत होती.

आत्या दारातून म्हणाली, "बाई, तसं नाई ते. पोरीचे पाय चुकतीन." तालमीत खरंच चुकत होते. एक अक्षर जास्त झालं होतं, टाच आपटायची जागा सरकली होती आणि रांगा एकमेकींवर आदळत होत्या. बाई म्हणाल्या, "पाय आपटायचे काढूनच टाकू. फार गावंढळ दिसतं. आणि हे पाहा, उद्यापासून तुम्ही येऊ नका. तुमच्या बोलण्यानं मुलींचे उच्चार बिघडतात."

आत्या उठली, चपला पायात घातल्या आणि गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं. मी खाली पाहिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज लिहिते.

समारंभाच्या दिवशी आत्या कुंपणाबाहेर टोपलं घेऊन उभी होती. मी पुढच्या रांगेत मधोमध होते आणि स्वच्छ, शुद्ध, खणखणीत आवाजात 'रागावून' म्हणत होते. मडमेनं टाळ्या वाजवल्या. बाईंनी पुढं त्या गाण्यांचं लहानसं पुस्तक छापलं. त्यात आत्याचा उल्लेख एका ओळीचाही नव्हता.

त्या वर्षी आत्यानं भुलाबाई बसवली नाही. पुढच्या वर्षीही नाही. आळीतल्या पोरी विचारायला आल्या की म्हणायची, "आता शाळेत शिकवतेत, तिकडं जा." माझ्याशी ती बोलायची ती कामापुरतं. मी रागानं फुलून जायचे. आत्यावर नाही, बाईवर. तिनं माझ्या घरातलं माणूस माझ्यापासून तोडलं होतं, आणि तेही माझ्याच तोंडानं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, आत्या हळदीला फिरकायचीही नाही. ती आली. हळदीनं माखलेल्या हातानं तिनं माझी हनुवटी धरली, कानाशी तोंड आणलं आणि शेवटचा फेरा सांगितला.

कावून रडतं माय व, कावून रडतं?
पोर माई घरी आली, परक्यावानी बोलते.

हा फेरा जुना होता की तिनं माझ्यासाठी तिथल्या तिथं बांधला होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. वर्षभरात आत्या गेली.

पुढं ट्रेनिंग घेऊन मी अकोल्याला म्युनिसिपालिटीच्या कन्याशाळेत लागले. एका भादव्यात माझ्या वर्गातली दहा वर्षांची मुलगी उभी राहून म्हणाली, "मला भुलाबाईचं गाणं येतं, आजीनं लिहिलेलं." आणि तिनं 'रागावून रडते आई' म्हणून दाखवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकशी केली तर ती त्याच बाईंची नात. बाईंचा मुलगा अकोल्यात वकिली करत होता आणि बाई निवृत्त होऊन त्याच्याकडे राहत होत्या.

मी त्या मुलीला जवळ बोलावलं, गोड बोलले आणि म्हटलं, "हे गाणं खरं कसं आहे, ते शिकतेस का?"

महिनाभर माझ्या अंगणात भुलाबाई बसली. मी त्या मुलीला सगळं दिलं. टिपऱ्या दिल्या, टाच दिली, कावून दिलं, मले-तुले दिलं. मुलगी अशी तयार, की आत्यानं तिला मांडीवर घेतलं असतं. पंधरा दिवसांत ती घरी "आजी, मले भूक लागली" म्हणायला लागली. एक दिवस ती तळहातावर वळ घेऊन आली. ते वळ मी ओळखले. रात्री जेवण गेलं नाही मला. पण शिकवणं मी थांबवलं नाही, आणि तीही थांबली नाही. म्हणाली, "मारलं तरी मी म्हनतो."

कोजागिरीला भुलाबाई बोळवताना मी तिला शेवटचा फेरा कानात सांगितला. मला ना भाऊ ना भाची. रीत मोडली, पण द्यायचा कुणाला? आणि खरं सांगायचं तर त्या घरातच तो जावा, हीच माझी इच्छा होती.

तिसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. काठी टेकत, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी दार शोधत. मला त्यांनी ओळखलं नाही.

"तुम्ही आमच्या मुलीला बिघडवलंत," त्या म्हणाल्या. "ती आता माझ्याशी नीट बोलत नाही. बोलते तर मला अर्धं कळत नाही. मी टोकलं तर हसते. म्हणते, आजी, तुले नाई समजत." काठी उंबऱ्याशी टेकून त्या पुढं म्हणाल्या, "आणि एक कडवं आहे म्हणे, ते ती मला सांगत नाही. मला तेव्हाच शंका होती, त्या माळणीनं काहीतरी राखून ठेवलं होतं. ते काय आहे?"

"ते माळीन माई आत्या होती, बाई," मी म्हटलं. "अन् तुमी मले रूळ मारत होत्या."

त्यांनी मान पुढं काढून माझं तोंड निरखायचा प्रयत्न केला. मग हळूच म्हणाल्या, "मुली, सांग ना."

समोर ती म्हातारी उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिच्या रडण्याचं कारण त्या ओळीत शब्दाशब्दांनी होतं. ती ओळ मी तिला ऐकवली असती, तर आपण एकटेच असे रडलो नाही, आपल्याआधीही कुणीतरी चुलीपाशी याचसाठी रडलं होतं, एवढं तरी तिला कळलं असतं. आत्यानं मला तेवढी दया दाखवली होती.

मी म्हटलं, "ते तुमच्यासाठी नाई," आणि दार लावून घेतलं.